शेवटच्या सायकलची घंटी

प्रिय अहो,

एवढा संसार झाला, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. हळदीची पेठ आणि आपलं घर, ह्याच्या पलीकडं तुम्ही फारसे गेलातच कुठं? आता गेलात ते असे, की पत्ताही ठेवला नाहीत.

बोलणं तर माझं रोज चालूच असतं. जैन बस्तीत दर्शनाला जाताना बोलते, भाजी निवडताना बोलते. पण आज जे झालं ते असं बोलता बोलता संपवून टाकावंसं वाटेना. माझं बोलणं भरभर होतं, तुम्हीच म्हणायचात. लिहायला बसलं की हात आपोआप हळू चालतो, आणि आपल्या रविवारच्या राईडमध्ये हळू चालणाऱ्यालाच मान असतो ना? म्हणून अंघोळही न करता बसलेय. पायांवर हरिपूर रस्त्याची धूळ तशीच आहे. माझी सायकल अंगणात तुमच्या सायकलीला टेकून उभी आहे.

हो, सायकल. परत चालवायला लागलेय मी.

तुम्हाला आठवतं का हे खूळ सुरू कुठून झालं? माझा गुडघा धरला होता. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालत जा. तुम्ही म्हणालात, चालतेस कशाला, सायकल शीक. नातवंडं झालेल्या बाईला! दुकान पुतण्याच्या हवाली करून तुम्ही नुकतेच मोकळे झाला होतात, आणि मोकळ्या माणसाला काहीतरी नाद लागतोच. शेजारच्या बायका गच्चीतून बघायच्या म्हणून आपण उजाडता उजाडता आमराईत जायचो. बागेतली माणसं तरी कमी बघायची का? पण ती ओळखीची नव्हती, एवढाच दिलासा.

तुम्ही मागून कॅरिअर धरून धावायचात. पोट सांभाळत, धापा टाकत, धोतराचा सोगा कमरेला खोचून. आणि मध्येच म्हणायचात, "सोडतोय बघ आता. सोडला." तुमचं 'सोडला' ऐकलं की मी सरळ कर्दळीच्या वाफ्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी चिडून म्हटलं होतं, "सांगू नका की सोडताना. बाकीचे लोक न सांगता सोडतात, म्हणून शिकणारा शिकतो."

"ती फसवणूक झाली," तुम्ही म्हणालात. "मालात खडा असला तर गिऱ्हाइकाला सांगत आलोय मी. तुला न सांगता सोडू व्हय?"

त्या कर्दळींचं किती नुकसान केलं मी. पण शिकले. तुम्ही सोडलंय हे माहीत असताना शिकले, त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

मग आपण त्या मोठ्या सायकल ग्रुपबरोबर गेलो. गिअरच्या सायकली, चष्मे, हातमोजे. माधवनगरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांची धूळसुद्धा दिसेनाशी झाली. मी एकटी मागं. तुम्ही माझ्यासाठी थांबलात, पण मला आपण ओझं झालोय असं वाटून रडू आलं. त्या दिवशी घरी येऊन मी सायकल जिन्याखाली लावली आणि वर पोती टाकली. तुम्ही जेवलात. ताट धुऊन प्यायलात, आपल्यातल्या जुन्या माणसांसारखं, आणि मग म्हणालात, "जो सगळ्यात हळू, त्यानं सगळ्यात पुढं. मग मागं राहील कोण?"

एवढ्या एका वाक्यावर तुम्ही 'रमतगमत' राईड काढलीत. रविवारी सकाळी आमराईच्या फाटकाशी या, सायकल कसलीही चालेल, पैसे नाहीत, घाई नाही. पेठेतल्या तुमच्या दोस्तांना ते पटेना. हळदीचा दर ठरवण्यात जन्म गेलेला माणूस काहीतरी फुकट देतोय म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं ते म्हणायचे. एकानं तर विचारलं होतं, "अण्णा, इलेक्शनला उभं ऱ्हातायसा काय?" तुम्ही किती हसला होतात. हसताना तुमचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

नियमही तुमचेच. सगळ्यात हळू चालवणारी म्हणजे मी. मी पुढं. बाकीच्यांनी मला ओलांडायचं नाही. सगळ्यात मागं तुम्ही. वळण आलं की पुढच्यानं थांबायचं, आणि सगळे आले की मागून तुमची घंटी दोनदा वाजायची. ती ऐकल्याशिवाय कुणी पुढं हलायचं नाही. तुमच्या जुन्या काळ्या सायकलीची पितळी घंटी. तिचा आवाज कितीतरी वेळ हवेत राहायचा.

आणि ते पिवळं जाकीट! हळदीत बुडवून काढल्यासारखं. तुम्ही कुठून आणलंत कोण जाणे. "पुढच्यानं हे घालायचं, समोरनं येणाऱ्या ट्रकवाल्याला लांबनं दिसाय पायजे," म्हणालात. मी म्हटलं होतं, ह्या वयात एवढा भडक रंग मी अंगाला लावणार नाही. भांडलेसुद्धा. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही कधी हट्ट करायचा नाहीत, म्हणून जेव्हा करायचात तेव्हा ऐकावंच लागायचं.

काय सकाळी होत्या हो त्या. थंडीत नदीवरून धुकं यायचं आणि रस्त्यात मधेच आपण ढगात शिरायचो. माझ्या पुढं कुणीच नाही, नुसता पांढरा रस्ता. मागं सायकलींची बारीक कुरकुर, कुणाचं तरी हलक्या आवाजात चाललेलं बोलणं. पेठेच्या मागून जाताना हळदीचा वास घशात बसायचा. आमराईत पोपटांचा कालवा. घाटावर कुणीतरी नदीत उतरून उभं असायचं, पाण्यात बुडी मारायची की नाही ह्या विचारात. मी पायडल मारतेय हेसुद्धा विसरायला व्हायचं. मग वळण यायचं, मी थांबायची, आणि लांबून, जणू झोपेत ऐकू यावी तशी, घंटी यायची. दोनदा. सगळे आहेत, चल.

चहाच्या टपरीवर तुम्ही बिनलसणाचं भडंग मागायचात आणि टपरीवाला दर रविवारी म्हणायचा, "अण्णा, मग त्याला भडंग कशाला म्हणायचं?" तरी तुमच्यासाठी वेगळा डबा ठेवायला लागला. तो डबा अजून आहे तिथं. मी विचारलं नाही, त्यानंही काढला नाही.

एक तक्रार आहे माझी. इतके रविवार आपण राईडला गेलो, पण बरोबर कधी गेलोच नाही. मी सगळ्यात पुढं, तुम्ही सगळ्यात मागं, मध्ये अख्खी सांगली. तुम्ही सायकल कशी चालवता हे मी कधी धड बघितलंच नाही. टपरीवर मी पोचून बसलेली असायची, तेव्हा तुम्ही सायकल हातात धरून येताना दिसायचात. तुमच्या जरा पुढं चालवणाऱ्या मन्सूरभाईला विचारलं एकदा, तर म्हणाला, "अण्णा व्हय? ताठ बसत्यात. पेठंतल्या गादीवर बसल्यागत." एवढंच माझ्याकडं आहे.

आणि दुसरी तक्रार, जी मी आपल्या लेकीला, स्मितालाही सांगितली नाही. तुम्ही जेवून खुर्चीत बसलात, पेपर उघडलात. मी आत ओटा पुसत होते. बाहेर आले तर पेपर मांडीवर आणि तुम्ही नाही. सायकल शिकवताना प्रत्येक वेळी सांगायचात ना, सोडतोय बघ म्हणून? मग ह्या वेळी का नाही सांगितलंत? मी पडले असते. पडायची सवय होती की मला. आणि ज्या माणसानं कधी कुणाला मागं टाकलं नाही, त्यानं पुढं जायचं ते असं?

राग आला होता मला. अजून येतो, मधूनमधून.

तुमच्यानंतर पहिली राईड झाली ती सगळ्यांच्या आग्रहावरून. मी जाकीट घातलं, पुढं झाले. आमराईच्या कोपऱ्यावर वळण आलं तशी थांबले. मागचे येऊन थांबले. आणि आम्ही सगळे थांबूनच राहिलो, अहो. कुणी पाणी प्यालं, कुणी बुटाची नाडी बांधली, बँकेतला श्रीकांत मोबाईल बघत बसला. कुणाला काही वावगं वाटलं नाही. दूधवाला कॅन लटकवून दोनदा तिथून गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, "कुणाची वाट बघालाय?"

मन्सूरभाई पटकन बोलून गेला, "अण्णा यायचं हायत अजून."

श्रीकांतनं मोबाईल खिशात ठेवला. मन्सूरभाईनं हँडलवर डोकं टेकलं. खरं सांगू? मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. एवढी माणसं एकदम तुम्ही गेलात हेच विसरली होती. पण तिथून पुढं जायला कुणाचा पाय उचलेना. सगळे परत फिरलो.

पुढच्या रविवारी तुमच्या जागी श्रीकांत मागं राहिला. त्याची निराळीच तऱ्हा. "काकू, मला हळू चालवायलाच जमंना. तोल जातोय. दोनदा पडलो की," म्हणाला. गिअरच्या सायकलवरचा तरणाबांड गडी हळू चालवताना पडतो, हे बघायला तुम्ही हवे होतात. दुसरा एक जण मागं राहिला तर बोलता बोलता पुढं येऊन गेला. आणि मला मागून काही ऐकू येईना. मी सारखी वळून बघायची, हँडल डुगडुगायचं. एकदा रिक्षेला घासता घासता वाचले. त्यानंतर मी जाकीट घडी करून कपाटात ठेवलं. माझ्यामागोमाग ज्यांना दम लागायचा तीही माणसं यायची बंद झाली. जी राहिली ती भरभर जायला लागली. रमतगमत नाव तेवढं उरलं.

स्मिता येऊन मला साताऱ्याला घेऊन गेली. तुमची लेक तुमच्यासारखीच, कमी बोलून काम करते. खोली तयार, उशाशी दिवा, खिडकीतून किल्ल्याचा डोंगर. "आई, आता इथंच राहा," म्हणाली. साताऱ्यात एकतर चढ नाहीतर उतार. सायकलचा विषयच नाही, म्हणून मलाही सुटल्यासारखं वाटलं. दुपारी पडल्यापडल्या मी स्वप्नात राईडला जायची. नदीवरून रस्ता जायचा, पाण्याच्या जरा वरून, आणि चाकं ओली व्हायची नाहीत. मी पुढं. वळण आलं की थांबायची आणि ऐकत राहायची. घंटी वाजायच्या आत कधी नातू हाक मारायचा, कधी दारात भाजीवाली.

एक दिवस स्मितानं विचारलं, "बाबांची सायकल कुणाला देऊन टाकूया का? गंजून जाईल." बरोबरच होतं तिचं. पण मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. ती म्हणाली, "आई, तिथं आता कोण आहे?" मी पिशवीचा बंद ओढला. गाडी सांगलीत शिरली आणि हळदीचा वास आला, तेव्हा जरा सावरले.

आता आजचं सांगते.

सकाळी आमराईच्या फाटकाशी गेले ती नुसती बघायला. सायकल हातात धरून. जाकीट पिशवीत. मोजकीच माणसं आली होती. त्यात एक नवी पोरगी, रेखा. नवरा लष्करात, ती इथं माहेरी, बाळंतपणानंतर अंग जड झालेलं. भावाची सायकल घेऊन आली होती आणि पाय टेकत टेकत चालली होती. "शाळा सुटल्यापासनं हात लावला न्हाई हो. तुमी चला, मी मागनं येते," म्हणाली.

मी काही बोलायच्या आधी मन्सूरभाई बोलला, "मागनं न्हाई यायचं, ताई. हितं हळू मानूस पुढं असतंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती माझ्यापेक्षा हळू होती. नियमानं जाकीट तिचं.

ते पिशवीतून काढताना माझा हात अडला, खोटं कशाला सांगू. ज्या जाकिटासाठी तुमच्याशी भांडले, ते दुसऱ्याच्या अंगात घालायचं होतं. तिनं ते घातलं, चेन लावली आणि विचारलं, "बरं दिसतंय का?" मी म्हटलं, "ट्रकवाल्याला दिसलं म्हणजे झालं." ती हसली. मग प्रश्न आला की मी कुठं जायचं? पुढची जागा गेली. मध्ये मला कधी राहता आलं नाही.

मन्सूरभाई माझ्याकडं बघत होता. "काकू, मागं हळू चालवायला जमणारं मानूस पायजे," म्हणाला. "आमच्यात दुसरं कोन हाय?"

मी त्यांना थांबायला सांगून घरी आले. तुमच्या सायकलीची घंटी काढली. स्क्रू गंजून बसला होता, तुमच्याच खणातला पाना घेतला, थोडं खोबरेल तेल सोडलं. रागावला नाहीत ना? तुमची सायकल मी कुणाला देणार नाही, पण घंटी तिच्यावर नुसती बसून होती. माझ्या हँडलवर मन्सूरभाईनं ती आवळून दिली. वाजवून बघितली नाही कुणीच.

आणि मग मी सगळ्यात मागं निघाले.

मागून जग वेगळंच दिसतं हो. पाठी दिसतात. कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा शर्ट घामानं चिकटलेला, कोण दमलंय आणि सांगत नाहीये ते सगळं दिसतं. पुढून मला हे कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, राईड म्हणजे धुकं आणि रस्ता. तुम्हाला मात्र माणसं दिसायची. म्हणून तुम्हाला न सांगता सगळं माहीत असायचं का? कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाला टपरीवर दोन घास जास्त वाढायचे?

आमराईच्या कोपऱ्यावर रेखा थांबली. सगळे थांबले. मी पोचले. सगळ्यांनी मान खाली घातली होती, माझ्याकडं कुणी बघेना. मी घंटी दोनदा वाजवली. आवाज तोच होता. पाठी हलल्या आणि रांग पुढं निघाली.

मग हरिपूरचा रस्ता. दर राईडला तुम्ही तोच का धरायचात? श्रीकांत किती वेळा म्हणायचा, अण्णा, दुसरीकडं जाऊया की. तुम्ही म्हणायचात, "तिकडं हवा बरी असती." चिंचांच्या खालून तो रस्ता नदीच्या बाजूनं लांबलचक वळतो बघा. तिथं मी सगळ्यात मागं होते, आणि रांग वळणावर वाकली. आत्तापर्यंत नुसत्या पाठी दिसत होत्या. आता सगळ्यांच्या पलीकडं, त्या टोकाला, पिवळं जाकीट दिसलं. पाठमोरं नाही, बाजूनं. रेखाचा चेहरा दिसत होता. तिला कुणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. ती स्वतःशीच हसत होती.

मी पायडल मारायचं थांबवलं. सायकल आपली आपण जात राहिली.

ट्रकवाल्यासाठी होतं व्हय ते जाकीट? आणि हवेसाठी तो रस्ता?

इतके रविवार तुम्ही तिथून मला बघत होतात. मी केस उडू नयेत म्हणून रुमाल बांधायची, तोंडातल्या तोंडात गाणं म्हणायची, कुणी ऐकत नाही असं समजून. आणि घरी येऊन मी तुम्हाला म्हणायची, तुम्ही माझ्याबरोबर कधी सायकल चालवत नाही. तुम्ही खांदे हलवून हसायचात. एकदा तरी सांगायचं होतंत. पण सांगितलं असतंत तर मी तिथं सावरून बसले असते, हेही खरं.

मी रडले, पण मागं होते, कुणाला दिसलं नाही. मागं राहण्याचा हाही एक फायदा असतो, हे तुम्हाला माहीत असणारच.

स्मिताला मघाशी फोन केला. म्हटलं, सणावाराला येईन, राहीन, पण रविवारी मला इथं काम असतं. ती म्हणाली, "बाबांचं काम?" मी हो म्हटलं.

तर आता शब्द देते. माझ्या पुढं जोवर एक जरी हळू चालवणारं माणूस आहे, तोवर मी त्याच्या मागं राहीन. कुणालाही एकटं सोडून घरी येणार नाही. हरिपूरचा रस्ता बदलणार नाही, कारण विचारलं तर हवा बरी असते म्हणून सांगेन. तुमच्यावर रागावणंही हळूहळू कमी करेन, एकदम जमणार नाही.

पण तुम्हीही नियम पाळायचा. आयुष्यभर मागं राहिलात आणि आता पहिल्यांदाच पुढं झालात. पुढच्यानं वळणावर थांबायचं असतं, लक्षात आहे ना? मग थांबा तिथं. पाणी प्या, नाडी बांधा, घाई करू नका. मला वेळ लागेल, माझ्या पुढं बरीच माणसं आहेत आणि सगळी हळू आहेत. पण मी येतेय. आले की दोनदा वाजवीन. तोवर हलू नका.

तुमचीच,
सुशीला